उष्णतेचे दोन परिणाम: एंझाइम आणि तापमान, १८३३ ते १९८८

१८३३ साली, एकमेकांशी काहीही संबंध नसलेल्या दोन ठिकाणांहून, एंझाइमांच्या आणि उष्णतेच्या नात्याविषयी दोन निरीक्षणे प्रसिद्ध झाली. पहिले अमेरिकेतले. विल्यम बोमाँट या लष्करी शल्यचिकित्सकाकडे अलेक्सी सेंट मार्टिन नावाचा रुग्ण होता. १८२२ मध्ये बंदुकीची गोळी लागून त्याच्या पोटाला भोक पडले होते आणि जखम भरली तरी ते भोक कायम राहिले. बोमाँट त्या वाटेने जठररस काढून घेई, तो बाटलीत भरून त्यात मांसाचा तुकडा टाकी. बाटली शरीराइतक्या उबेत, म्हणजे सुमारे ३८ अंश सेल्सिअसला ठेवली की मांस विरघळत जाई. थंडीत ठेवली की जवळजवळ काहीच होत नसे. दुसरे निरीक्षण पॅरिसमधले. बीटपासून साखर काढण्याचा कारखाना चालवणारे आन्सेल्म पायेन आणि त्यांचे सहकारी झाँ-फ्रान्स्वा पेर्सो यांनी मोड आलेल्या जवाच्या अर्कात अल्कोहोल मिसळून एक पांढरा साका वेगळा काढला. तो पिष्टाचे साखरेत रूपांतर करी. आपल्या वजनाच्या सुमारे दोन हजार पट पिष्ट तो विरघळवू शके. ६५ ते ७५ अंशांच्या दरम्यान तो उत्तम काम करी, पण उकळला की त्याचे सारे सामर्थ्य जाई आणि द्रावण थंड केले तरी ते परत येत नसे. या पदार्थाला त्यांनी डायास्टेज असे नाव दिले.

बोमाँटला दिसले ते असे की उष्णतेवाचून काम चालत नाही. पायेन आणि पेर्सो यांना दिसले ते असे की उष्णता कामाचा नाश करते. दोन्ही खरे होते. पुढची दीडशे वर्षे या दोन गोष्टी वेगळ्या काढण्यात गेली, कारण प्रयोगशाळेत त्या नेहमी एकत्रच दिसतात. तापमान वाढवत नेले की एंझाइमचा वेग आधी चढतो, मग उतरतो. त्या आलेखाचा माथा म्हणजे त्या एंझाइमचे ‘इष्टतम तापमान’, असे शाळेच्या पुस्तकात आजही छापले जाते. आलेख चुकीचा नाही. पण त्याचा माथा हा एंझाइमचा अंगभूत गुण आहे ही समजूत चुकीची आहे, आणि ती दूर व्हायला फार वेळ लागला.

सुरुवातीच्या काळात उकळणे ही केवळ एक चाचणी होती. एखादा बदल साध्या रासायनिक पदार्थामुळे होतो की ‘किण्वा’मुळे, म्हणजे एंझाइममुळे, हे ठरवायचे असेल तर अर्क उकळून पाहायचा. उकळल्यावर परिणाम थांबला तर कारण किण्व. पेप्सिन, इमल्सिन, इन्व्हर्टेज, ट्रिप्सिन अशी नावे एकोणिसाव्या शतकात पुढे आली, आणि जवळपास प्रत्येकाच्या वर्णनात उकळल्यावर निष्क्रिय होत असल्याची नोंद आहे. एडुआर्ट बुखनर यांनी १८९७ मध्ये यीस्ट पेशी चिरडून काढलेल्या रसाने साखरेचे अल्कोहोल करून दाखवले, तेव्हा त्या रसाचाही हाच स्वभाव दिसला. तो तापवला की गढूळ होई आणि आंबवण्याची ताकद गमावून बसे.

प्रयोगशाळेपेक्षा बिअरच्या कारखान्यांना मात्र तापमानाची बारकाईने गरज होती. मोड आणून वाळवलेले जव दळून गरम पाण्यात भिजवले की त्यातली एंझाइमे पिष्टाची साखर करतात. पण किती गरम पाण्यात, यावर बिअरची चव आणि तीव्रता ठरते. आज माहीत आहे की तिथे मुख्यतः दोन एंझाइमे काम करतात. बीटा-अमायलेज ६० ते ६५ अंशांच्या सुमारास भरपूर माल्टोज देते, पण त्याहून वर फार काळ टिकत नाही. अल्फा-अमायलेज ७० अंशांच्या आसपासही तग धरते, पण आंबण्यास अवघड असे मोठे तुकडेही मागे ठेवते. हे रसायन ठाऊक नसताना कारागीर पिढ्यान्‌पिढ्या हाताच्या अंदाजाने आणि पुढे तापमापीने हा तोल साधत होते.

इंग्लंडमधले बर्टन गाव बिअरसाठी प्रसिद्ध. तिथल्या बास कंपनीत कॉर्नेलियस ओसलिव्हन हे रसायनतज्ज्ञ होते. १८९० मध्ये त्यांनी आणि फ्रेडरिक टॉम्पसन यांनी इन्व्हर्टेजवर एक दीर्घ निबंध प्रसिद्ध केला. हे यीस्टमधले एंझाइम उसाच्या साखरेचे ग्लुकोज आणि फ्रुक्टोज करते. त्यांना असे आढळले की साखरेच्या द्रावणात ठेवलेले इन्व्हर्टेज नुसत्या पाण्यातल्या इन्व्हर्टेजपेक्षा सुमारे २५ अंश अधिक तापमान सोसते. निबंधात ही एक बाब अनेकांपैकी एक म्हणून आली आहे, पण तिचा अर्थ मोठा होता. एंझाइम ज्या पदार्थावर काम करते त्याच्याशी ते जोडले जात असले पाहिजे, आणि जोडलेल्या अवस्थेत ते अधिक टणक होत असले पाहिजे, असे त्यांनी त्यातून सुचवले. एंझाइमचा टिकाऊपणा त्याच्या एकट्याचा नसतो, भोवतालच्या पदार्थांवरही अवलंबून असतो, हे बिअरच्या कारखान्यात उमगले.

त्याच सुमारास विक्रियांच्या वेगाचे गणित तयार होत होते. १८८९ मध्ये स्वीडनचे स्वान्ते अऱ्हेनिअस यांनी आम्लामुळे उसाच्या साखरेचे विघटन होण्याचा वेग तापमानाबरोबर कसा वाढतो याचा विचार मांडला. साखरेचे सगळे रेणू विक्रियेला तयार नसतात, पुरेशी ऊर्जा मिळालेले थोडेच असतात, आणि तापमान थोडे वाढले तरी अशा रेणूंची संख्या झपाट्याने वाढते, हा त्याचा गाभा. अनेक सामान्य विक्रियांचा वेग दर १० अंशांना दुप्पट ते तिप्पट होतो, हे ढोबळ गणित या काळातले. एंझाइमची विक्रियाही याच नियमाने चालते. फरक इतकाच की लागणारी ऊर्जा एंझाइममुळे कमी होते.

मग आलेख खाली का वळतो? गुस्ताव टामान यांनी १८९० च्या दशकात याचे जे उत्तर दिले ते मुळात साधे होते. तापमानाने दोन विक्रिया एकाच वेळी वेग घेतात. एक एंझाइमने घडवलेली, दुसरी एंझाइमचाच नाश करणारी. कमी तापमानाला दुसरी इतकी संथ असते की जाणवत नाही, पण उंच तापमानाला ती पहिलीला मागे टाकते. केंब्रिजचे वनस्पतिशास्त्रज्ञ फ्रेडरिक ब्लॅकमन यांनी १९०५ मध्ये पानांतल्या प्रकाशसंश्लेषणाबाबत हाच मुद्दा काळाच्या अंगाने मांडला. उंच तापमानाला पहिल्या काही मिनिटांत वेग भरपूर असतो, मग तो घसरत जातो. जितका वेळ थांबून मोजाल तितका माथा खालच्या तापमानाकडे सरकतो. म्हणजे ‘इष्टतम तापमान’ सांगताना किती मिनिटांनी मोजले हे सांगितले नाही तर त्या आकड्याला फारसा अर्थ राहत नाही. हे १९०५ सालीच छापून आले होते, तरी पुढच्या कित्येक दशकांच्या शोधनिबंधांत मिनिटांचा उल्लेख न करता माथ्याचे आकडे दिलेले सापडतात.

नाश करणारी विक्रिया नेमकी काय आहे, याकडे लंडनच्या लिस्टर इन्स्टिट्यूटमधील हॅरिएट चिक आणि चार्ल्स मार्टिन यांनी लक्ष दिले. १९१० मध्ये त्यांनी अंड्यातील पांढऱ्या भागाचे अल्ब्युमिन आणि रक्तातील हिमोग्लोबिन तापवून गोठण्याचा वेग मोजला. हाती आलेला आकडा चक्रावून टाकणारा होता. अल्ब्युमिनच्या बाबतीत केवळ एक अंश वाढला की वेग जवळजवळ दुप्पट होत होता. सामान्य विक्रियेला दुप्पट व्हायला दहा अंश लागतात. म्हणूनच एंझाइमच्या आलेखाची उतरती बाजू चढत्या बाजूपेक्षा कितीतरी उभी असते. त्यांनी दोन टप्पेही वेगळे केले. आधी प्रथिनाचे स्वरूप बदलते, आणि मग बदललेले रेणू एकमेकांना चिकटून साका होतो. पाणी नसेल तर पहिला टप्पाच अडतो. अगदी कोरडे प्रथिन १०० अंशांच्या वर तापवले तरी नंतर पाण्यात विरघळते. धुण्याच्या कोरड्या पावडरीतली किंवा पाचक गोळ्यांतली एंझाइमे महिनोन्‌महिने टिकतात, तीही याच कारणाने.

इथवर एक मोठी अडचण शिल्लक होती. एंझाइम म्हणजे प्रथिनच, हे कोणी सिद्ध केले नव्हते. म्युनिकचे रिशार्ट व्हिलश्टेटर हे त्या काळातले मातब्बर नाव. प्रथिन हा केवळ वाहक असून खरा सक्रिय पदार्थ त्यावर बसलेला काही लहानसा गट असावा, असे त्यांचे मत होते. १९२६ मध्ये अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठात जेम्स समनर यांनी घेवड्याच्या जातीच्या बियांतून युरिएज या एंझाइमचे स्फटिक मिळवले आणि ते प्रथिन असल्याचे सांगितले, तेव्हा त्यांच्यावर विश्वास ठेवायला फारसे कोणी तयार नव्हते. १९३० मध्ये रॉकफेलर इन्स्टिट्यूटच्या प्रिन्स्टन येथील प्रयोगशाळेत जॉन नॉर्थरॉप यांनी पेप्सिनचे स्फटिक काढले, पाठोपाठ ट्रिप्सिनचे. आक्षेप घेणाऱ्यांचे म्हणणे तरीही तेच होते: स्फटिक प्रथिनाचे असतील, पण एंझाइम त्यांना चिकटून आलेले असेल.

या वादाचा निकाल लावण्यात उष्णतेचा मोठा वाटा आहे. नॉर्थरॉप यांनी ट्रिप्सिन आम्लधर्मी द्रावणात तापवले. एरवी कोमट आणि उदासीन द्रावणात ट्रिप्सिन स्वतःलाच पचवून टाकते. शाबूत रेणू बिघडलेल्या रेणूंचे तुकडे करतात, आणि नुकसान कायमचे होते. आम्लात मात्र हे पचन थांबते. अशा द्रावणात ट्रिप्सिन जवळजवळ उकळेपर्यंत तापवले आणि मग थंड केले, तर त्याची सक्रियता पूर्ववत येई. १८३३ पासून बहुतेकांनी गृहीत धरलेली गोष्ट, की उष्णतेने झालेला नाश कायमचा असतो, ती या एंझाइमच्या बाबतीत टिकली नाही. पुढची पायरी त्याहून महत्त्वाची. द्रावण गरम असतानाच त्यात क्षार घातला की स्वरूप बदललेले प्रथिन साका होऊन बसते आणि शाबूत प्रथिन द्रावणात राहते, त्यामुळे दोन्हींचे प्रमाण मोजता येते. सक्रियता जितकी टक्के गेली, तितकेच टक्के प्रथिन स्वरूप बदललेले सापडले. थंड करताना दोन्ही बरोबरच परतले. सक्रिय गट वेगळा आणि प्रथिन वेगळे असते, तर दोघांनी दर वेळी असे हातात हात घालून जाण्याचे कारण नव्हते.

मॉर्टिमर अ‍ॅन्सन आणि आल्फ्रेड मिर्स्की यांनी १९३४ मध्ये हे मोजमाप आणखी काटेकोर केले. आम्लधर्मी द्रावणात ४४ अंशांना ट्रिप्सिनचे निम्मे रेणू शाबूत आणि निम्मे बदललेले असतात. ५० अंशांना बदललेल्यांचे प्रमाण जवळपास ८८ टक्के होते. तापमान कायम ठेवले तर प्रमाणही कायम राहते, आणि वरून खाली आले काय किंवा खालून वर गेले काय, तोच आकडा मिळतो. म्हणजे हा दोन अवस्थांमधला समतोल आहे, आणि तापमान तो एका बाजूला झुकवते. एंझाइमच्या इतिहासात बहुधा इतक्या साध्या उपकरणांनी इतके दूरचे काही दाखवले गेलेले नाही. नॉर्थरॉप आणि समनर यांना १९४६ चे रसायनशास्त्राचे नोबेल वेंडेल स्टॅन्ली यांच्यासह मिळाले. अ‍ॅन्सन-मिर्स्की यांचे नाव मात्र तज्ज्ञांबाहेर कोणी घेत नाही.

स्वरूप बदलते म्हणजे नेमके काय होते? बीजिंगचे ह्सिएन वू यांनी १९३१ मध्ये सांगितले की प्रथिनाची लांब साखळी निसर्गतः एका ठरावीक पद्धतीने घडी घातलेली असते, आणि उष्णतेने ती घडी उलगडते. साखळी तुटत नाही. मिर्स्की आणि लायनस पॉलिंग यांनी १९३६ मध्ये ही घडी असंख्य दुबळ्या हायड्रोजन बंधांनी धरलेली असते असे मांडले. एकेक बंध दुबळा म्हणून थोड्या उष्णतेने सैल होतो, आणि बंध पुष्कळ म्हणून काही सुटले की बाकीचेही एका दमात सुटतात. उतरत्या बाजूच्या उभेपणाचा अर्थ इथे लागतो. १९६० च्या सुमारास क्रिस्तियान अन्फिनसेन यांनी अमेरिकेतील बेथेस्डा येथे रायबोन्युक्लिएजची १२४ अमिनो आम्लांची साखळी रसायनांनी पूर्ण उलगडली, त्यातले गंधकाचे चारही दुवे तोडले आणि ती रसायने काढून घेतली. आठ गंधक अणूंच्या चार जोड्या १०५ प्रकारे लागू शकतात. साखळीने योग्य ती जुळणी आपोआप शोधली आणि एंझाइम पुन्हा काम करू लागले. याबद्दल त्यांना १९७२ च्या नोबेलमध्ये वाटा मिळाला.

या समजुतीतून व्यवहारात उतरलेले एक उदाहरण दुधाचे आहे. दुधात नैसर्गिकपणे असलेले अल्कलाइन फॉस्फेटेज हे एंझाइम क्षयाच्या जंतूंपेक्षा किंचित अधिक उष्णता सोसते. १९३० च्या दशकात इंग्लंडमध्ये के आणि ग्रॅहम यांनी यावरून चाचणी काढली. दूध ६३ अंशांना ३० मिनिटे नीट तापवले गेले असेल तर फॉस्फेटेज संपलेले असते. ते उरले असेल तर पाश्चरीकरण कच्चे. आजही दुग्धालयांत ही तपासणी होते. पण फार वेगाने आणि फार उंच तापमानाला तापवलेल्या सायीत, साठवणीदरम्यान हे एंझाइम कधी कधी पुन्हा सक्रिय होते आणि तपासनीस गोंधळतो. ट्रिप्सिनची गोष्टच इथे वेगळ्या रूपात दिसते.

थंडीचा हिशेब वेगळा. गोठवल्याने बहुतेक एंझाइमे नष्ट होत नाहीत, फक्त संथ होतात. म्हणून मटार किंवा घेवडा गोठवण्याआधी उकळत्या पाण्यातून काढावे लागतात. नाहीतर फ्रीजरमध्येही त्यांची चव आणि रंग हळूहळू बिघडतात. मात्र १९६० मध्ये न्यूयॉर्कमध्ये एफ्रेम रॅकर आणि सहकाऱ्यांनी मायटोकॉन्ड्रियातून काढलेले एटीपीएज उलटेच वागले. ते खोलीच्या तापमानाला टिकत होते आणि बर्फात ठेवले की निष्क्रिय होत होते. प्रथिनाची घडी धरून ठेवणाऱ्या बळांपैकी पाण्याशी फटकून राहणाऱ्या भागांचे एकत्र येणे थंडीत दुबळे होते, हे त्याचे कारण. एंझाइम जपायचे तर बर्फात, हा नियम रॅकर यांच्या प्रयोगशाळेपुरता उलटा झाला.

त्याच दशकात वरच्या टोकाची मर्यादाही हलली. अमेरिकेतील यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानात उकळत्या पाण्याचे झरे आहेत. उंचीमुळे तिथे पाणी सुमारे ९३ अंशांनाच उकळते. इंडियाना विद्यापीठाचे टॉमस ब्रॉक १९६४ मध्ये तिथे प्रथम गेले. झऱ्यापासून दूर वाहत जाताना पाणी निवते आणि प्रत्येक तापमानाला वेगळ्या रंगाचे जीव पट्टे धरतात. पर्यावरणाच्या अभ्यासकाला यापेक्षा सोयीची मांडणी कुठे मिळणार? पण ब्रॉक यांना खिळवून ठेवले ते ८० अंशांच्या वरच्या पाण्यात हेलकावणाऱ्या गुलाबी तंतूंनी. इतक्या उष्णतेत जीव असू नयेत अशी तेव्हाची समजूत होती. १९६६ मध्ये त्यांनी आणि हडसन फ्रीझ या पदवीपूर्व विद्यार्थ्याने मशरूम स्प्रिंग या झऱ्यातून एक पिवळसर जीवाणू वेगळा काढला. १९६९ मध्ये त्याला थर्मस अ‍ॅक्वाटिकस हे नाव मिळाले. तो ७० अंशांना सर्वांत जोमाने वाढतो आणि ७९ अंशांपर्यंत तग धरतो. पुढे असे जीवाणू विद्यापीठातल्या गरम पाण्याच्या नळातही सापडले, ही गंमतच.

फ्रीझ आणि ब्रॉक यांनी १९७० मध्ये या जीवाणूच्या अल्डोलेज एंझाइमचे गुणधर्म प्रसिद्ध केले. ते ९५ अंशांना सर्वाधिक सक्रिय होते, आणि ६० अंशांखाली जवळजवळ निष्क्रिय. उष्णतेत टिकण्यासाठी रेणू घट्ट असावा लागतो, आणि काम करण्यासाठी तो थोडा हलता असावा लागतो. घट्ट रेणूला पुरेसे हलण्यासाठी जास्त उष्णता लागते. टिकाऊपणा आणि वेग यांतला हा व्यवहार पायेन आणि पेर्सो यांच्या साक्यातही होता. झऱ्यातल्या जीवाणूने तो टोकाला नेऊन दाखवला. नंतरच्या अभ्यासात अशा प्रथिनांत विरुद्ध विद्युत्‌भारांच्या जास्तीच्या जोड्या आणि अधिक दाट आतली रचना सापडत गेली. आश्चर्य म्हणजे एखादाच सर्वसमावेशक ‘उष्णतेचा मसाला’ कुठेच नाही. लहान लहान फरक साठत जातात.

१९७६ मध्ये सिनसिनाटी विद्यापीठातील अ‍ॅलिस चिएन, डेव्हिड एडगर आणि जॉन ट्रेला यांनी याच जीवाणूतून डीएनए पॉलिमरेज वेगळे केले. ते ८० अंशांना सर्वोत्तम चालत होते. निबंध छापला गेला आणि सात वर्षे त्याचा फारसा उपयोग कोणाला सुचला नाही. १९८३ मध्ये कॅलिफोर्नियातील सीटस कंपनीचे कॅरी मुलिस यांना पीसीआरची कल्पना सुचली. डीएनए तापवून त्याच्या दोन पट्ट्या वेगळ्या करायच्या, थंड करून त्यांवर लहान तुकडे बसवायचे, पॉलिमरेजने नवी प्रत तयार करायची आणि हे चक्र पुन्हा पुन्हा फिरवायचे. तीस चक्रांत एका तुकड्याच्या अब्जावर प्रती. अडचण अशी की सुरुवातीला वापरलेले पॉलिमरेज मानवी आतड्यात राहणाऱ्या ई. कोलाय जीवाणूचे होते. ते ३७ अंशांना काम करणारे एंझाइम. पट्ट्या वेगळ्या करताना लागणाऱ्या सुमारे ९५ अंशांत ते प्रत्येक वेळी निकामी होई, आणि प्रत्येक चक्रात नळीचे झाकण उघडून नवे एंझाइम घालावे लागे.

सीटसमधील डेव्हिड गेलफँड आणि सुझान स्टॉफेल यांनी थर्मस अ‍ॅक्वाटिकसचे पॉलिमरेज शुद्ध केले. त्याचे संक्षिप्त नाव टॅक. ९५ अंशांना त्याची निम्मी सक्रियता सुमारे ४० मिनिटे टिकते, म्हणजे एका प्रयोगाला पुरेशी. १९८८ मध्ये रँडल सायकी आणि सहकाऱ्यांनी सायन्स नियतकालिकात टॅकचे परिणाम प्रसिद्ध केले. झाकण उघडण्याची कटकट संपली, हा एक फायदा. त्याहून मोठा म्हणजे लहान तुकडे आता ५५ ते ७० अंशांना बसवता येऊ लागले. ३७ अंशांना ते चुकीच्या जागीही चिकटत असत. उष्णता वाढल्यावर नेमकेपणा वाढला. मुलिस यांना १९९३ मध्ये नोबेल मिळाले. त्याआधी १९९१ मध्ये हॉफमन-ला रोश कंपनीने पीसीआरचे हक्क ३० कोटी डॉलरना विकत घेतले. यलोस्टोन उद्यानाला त्यातले काही मिळाले नाही. कोरोनाच्या काळात घशातून घेतलेल्या नमुन्यांची जी आरटी-पीसीआर तपासणी गावोगावी झाली, तिच्यातल्या पीसीआरच्या टप्प्याला असेच उष्णता सोसणारे पॉलिमरेज लागते.

टॅकची उणीवही तापमानाचीच. खोलीच्या तापमानालाही ते थोडे काम करते, आणि नळी यंत्रात जाण्याआधीच चुकीच्या जागी चिकटलेले तुकडे लांबवून ठेवते. म्हणून पुढे प्रतिपिंडाने किंवा रासायनिक बदलाने त्याला बांधून ठेवण्याची पद्धत आली. पहिल्यांदा जोरात तापवले की बंधन सुटते आणि मगच एंझाइम मोकळे होते. मूळ आलेखाचा विचारही संपलेला नाही. २००१ मध्ये न्यूझीलंडचे रॉय डॅनियल आणि ब्रिटनचे मायकल डॅन्सन यांनी दाखवले की सक्रियता आणि कायमचा नाश या दोन बाबींनी उंच तापमानावरची सगळी आकडेवारी जुळत नाही. काही एंझाइमांत घडी न उलगडताच सक्रिय आणि निष्क्रिय अशा दोन अवस्थांमध्ये उलटसुलट ये-जा चालते, आणि ती नाशापेक्षा फार वेगवान असते. त्यांच्या मांडणीत प्रत्येक एंझाइमसाठी एक समतोल-तापमान मोजले जाते, आणि टामान यांच्या दोन विक्रियांच्या हिशेबात ही तिसरी बाब आता मिळवली जाते.